ज्वारीचा होकार, हरभऱ्याचा नकार

चिंचखडी, १४ जानेवारी १९७३

चि. गोरक्षनाथ यास थोरला भाऊ मच्छिंद्र याचा आशीर्वाद.

शाळेत मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू लिहितो. बेलापूरला तुला कुणी वेगळं सांगितलं तर खरं तुझ्याकडे असावं. दार एक, बाभळीचं. खिडक्या चार. त्यांतली एक किंचित तिरकी दिसते, कारण भिंत तिरकी आहे आणि भिंत मी बांधलेली नाही. बाकं अकरा, खिळा एकालाही नाही, सगळं लाकडात लाकूड बसवलेलं. रांजणाची तिवई. घंटेचा खांब, घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, तो छगनने कुठून आणला ते मी विचारलेलं नाही. खडूची पेटी, झाकणासह. मुख्याध्यापकाचं टेबल एक, खण डाव्या बाजूला.

हे काम मला कुणी शिकवलं नाही, तुला माहीत आहे. भंडारदऱ्याला बंगल्यावर मजुरीला होतो तेव्हा साहेब जेवायला बसला की मागची खिडकी काढायची, सांधा कसा आहे ते बघायचं आणि तो हात धुवायच्या आत परत बसवायची. वाचायलाही तसाच शिकलो, गुळाच्या पुडीच्या कागदावर. मग तुला शाळेत घातलं, तू बी. ए. झालास, बी. एड. झालास. हे उपकार म्हणून लिहीत नाही. तपशील म्हणून लिहितो.

दिवाळीत तू वहिनीला कार्ड पाठवलंस. शेवटी 'सर्वांस नमस्कार' असं होतं. सर्वांत तुम्हीही आलात, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, आलो असेन.

शाळा निघाली तेव्हा सभेत तू बोललास ते मला पाठ आहे. "मी पुढे इतिहास शिकवणार आणि मागे साळूबाई मिश्री लावत बसणार? ही शाळा आहे का चावडी?" तू घरचा माणूस, गावातला पहिला बी. एड., मुख्याध्यापक तूच व्हायचास. पण सभेने पाळी ठेवली आणि तू तिसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन संस्थेच्या शाळेत बेलापूरला गेलास. ट्रंक एस.टी.वर मीच चढवली.

ती पाळी अजून चालू आहे. शाळेची किल्ली एकतीस घरांत फिरते. ज्याच्या घरी किल्ली, त्या घरातलं एक मोठं माणूस सकाळी कुलूप काढतं, झाडून घेतं, रांजण भरतं, दिवसभर वर्गात मागे बसतं आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी किल्ली देतं. एखाद्या घरी बाळंतपण असलं तर शेजारी घेतात. शाळा एकदाही बंद राहिली नाही. साळूबाई अजून मिश्री लावते, पण आता दाराबाहेर जाऊन. कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस आपली आपण उठून गेली.

आता कामाचं. परवानगी दोन वर्षांची तात्पुरती होती, ती येत्या जूनमध्ये संपते. शिक्षणाधिकाऱ्यांचं म्हणणं, दहावीचा वर्ग काढायचा असेल तर मुख्याध्यापक प्रशिक्षित हवा. नसेल तर शाळा बंद, नाहीतर एखाद्या संस्थेकडे सोपवा. दमयंतीबाई शिकवतात चांगलं, पण त्यांचं बी. एड. झालेलं नाही. साठ पोरं आहेत, त्यांत पोरी एकोणीस. शाळा गेली तर पोरगे जातील कुठे ना कुठे चालत. पोरींना घरचे पाठवणार नाहीत.

मी तुला ये म्हणत नाही. माहिती देतो आहे.

सोबत तिळगूळ. यंदा तीळ महाग, म्हणून वहिनीने शेंगदाण्याचा कूट जास्त घातला आहे. बोलण्याचं तुझं तू बघ.

मच्छिंद्र


चिंचखडी, ११ मार्च १९७३

चि. गोरक्ष,

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टमन दर बुधवारी येतो, त्याची चूक नाही.

इकडे पाऊस नाही तो नाहीच. खरीप गेलं, रब्बी पेरलीच नाही. डोंगराच्या पायथ्याला सरकारने पाझर तलावाचं काम काढलं आहे आणि सगळं गाव त्या कामावर आहे. मीही. पहाटे सगळे कामावर, आणि मोठ्या पोरांना धाकटी भावंडं सांभाळायला तिकडेच न्यायचे. शाळेत उरली चौदा पोरं. दमयंतीबाई रडकुंडीला आल्या.

सभा घेतली. मी म्हटलं, हजेरी घेऊन दंड करा. साळूबाई म्हणाली, "दंड कुनाला करतूस रं मच्छू? पोरं बांधावर हायेत. मंग शाळा बांधावर न्या की."

सगळे हसले. मीही हसलो. मग हसता हसता थांबलो, कारण तिच्या बोलण्यात मला चूक सापडेना.

मत घेतलं. आमच्याकडे मत कसं घेतात ते तुला माहीत नसेल, ते तू गेल्यानंतरचं. बायका सासऱ्या-दिरांपुढे हात वर करत नाहीत आणि नवऱ्याने हात वर केला की त्यांचंही तेच मत धरतात. म्हणून दर घराला दोन दाणे द्यायचे, एक ज्वारीचा, एक भाजलेल्या हरभऱ्याचा. घरात ठरवून त्या घरच्या एका माणसाने पदराखाली, धोतराखाली मूठ झाकून यायचं आणि मडक्यात एक दाणा टाकायचा. ज्वारी म्हणजे हो, हरभरा म्हणजे नाही. जास्त असेल ते ठरलं. पण शाळेची जागा, इमारत आणि नाव, या तीन गोष्टींत एकही हरभरा निघाला तर विषय तिथेच संपतो. हा कायदा साळूबाईचा. "येका घराला जरी टोचत आसंल तर ते समद्यांचं कसं म्हनायचं?" असं तिने मडक्याच्या पहिल्या सभेत विचारलं होतं आणि तेव्हा सगळ्यांना ते बरं वाटलं होतं.

मलाही वाटलं होतं. पुढे मीच त्यात सापडलो. गेल्या वर्षी मी शाळेसाठी नावाची पाटी केली. सागवानी, अक्षरं कोरलेली, आपल्या वडिलांच्या नावाने. रात्री जागून केलेलं काम, एका वेलांटीत दोष नाही. सभेपुढे ठेवली. मडकं उपडं केलं तर तीस ज्वारी आणि एक हरभरा. संपलं.

ज्वारी टाकली की भाजलेला हरभरा हातात उरतो, तो माणसं घरी जाताना खातात. त्या दिवशी मी दारात उभा राहून कुणाचं तोंड हलत नाही ते बघत होतो. साळूबाईचं हलत नव्हतं. पण तिला दातच नाहीत, ती आपला हरभरा नेहमी नातवाला देते, त्यामुळे तिच्याबद्दल कधीच काही सिद्ध होत नाही. विचारलं तर म्हणाली, "कुनाचा का असंना. निघाला का न्हाई?" महिनाभर मी तिच्याशी बोललो नाही. तिला ते कळलंच नाही, ती बोलतच होती.

तर शाळा बांधावर न्यायला ज्वारी जास्त पडली. बाकं नेण्यासारखी नाहीत. फळा भिंतीत बसवलेला. मग मी ती वडिलांच्या नावाची पाटी गोठ्यातून काढली, मागच्या बाजूला काळा रंग दिला, घडीचे पाय लावले. एक माणूस खांद्यावर नेऊ शकतो. भराव टाकून झालाय त्या टोकाला दोन बाभळी आहेत, तिथे सावलीत वर्ग भरतो. धाकटी पोरं झोळ्यांत. पाळीचं माणूस मागे बसतं आणि झोळ्याही हलवतं.

आता पाळीच्या माणसाची मजुरी बुडणार. कामावर मापाने पैसे, जेवढी माती तेवढा दाम. त्यावर बायकांनीच तोड काढली. ज्या टोळीतलं माणूस पाळीला, त्याच्या वाटणीची माती त्या टोळीने टाकायची. मुकादम म्हणाला, हे नियमात बसत नाही. छगन म्हणाला, "मापात बसतंय ना? मंग आमच्यात कोन उभंय न् कोन बसलंय ते कशाला मोजता साहेब?" मुकादम त्या दिवसापासून मोजत नाही.

एक गंमत सांगतो. दमयंतीबाईंचा आवाज खणखणीत. खाली माती वाहणाऱ्यांना सगळं ऐकू येतं. परवा भूमिती चालली होती, दोन त्रिकोण एकमेकांसारखे आहेत हे सिद्ध करायचं होतं. निम्म्यावर आल्या आणि सुकडीचा खाऊ वाटायची गाडी आली म्हणून वर्ग सुटला. दुपारी पुन्हा बसले तर बाईंनी इंग्रजी काढलं. खालून छगन डोक्यावर मातीची पाटी घेऊन ओरडला, "ओ बाई! त्या तिरकोनाचं फुडं काय झालं? आमी सकाळपास्नं वाट बघतुया!" बाईंनी इंग्रजी मिटवलं आणि त्रिकोण पुरा केला. "झालं सारखं?" "झालं!" "मंग हरकत न्हाई," म्हणून तो पुढे गेला.

तू असतास तर चिडला असतास. नंतर घरी येऊन हसला असतास, वहिनीजवळ, चुलीपाशी. मला तुझं ते नंतरचं हसणं ऐकू यायचं, मी झोपलेला असलो तरी.

बांधावर आता बावन्न पोरं येतात.

मच्छिंद्र


चिंचखडी, ६ मे १९७३

चि. गोरक्ष,

तुझं कार्ड मिळालं. माझ्या नावावर आलं. पत्ता डाव्या हाताने लिहिलेला लगेच ओळखू येतो, अक्षरं मागे रेलतात. 'पत्रे मिळाली. त्रिकोणाचे वाचून बरे वाटले. प्रकृतीस जपावे.' तीन वाक्यं. वहिनीने ते देवळीत ठेवलं आहे, मी नव्हे.

आज सकाळी तुझ्या संस्थेचे चिटणीस विष्णुपंत जीपने आले होते. माणूस चांगला आहे, उगाच वाईट लिहिणार नाही. शाळा सगळी हिंडून पाहिली. बाकाखाली वाकून खिळा शोधला. सापडला नाही, तेव्हा माझ्याकडे बघून मान हलवली. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मिस्त्री, खण उलट्या बाजूला का केलात?"

मी म्हटलं, लाकूड तसं निघालं.

रविवार असला तरी किल्ली साळूबाईकडे होती, म्हणून ती कुलूप काढून मागे बसली होती. ती म्हणाली, "लाकूड कुठलं? त्येचा भाव डावरा हाय."

विष्णुपंतांना माझा भाऊ कोण ते माहीत होतं. त्यांनी चहा घेतला, वहिनीच्या हातच्या चहाला नावं ठेवली नाहीत, आणि संस्थेचा विचार सांगितला. त्यांना शाळा हवी आहे. मोबदल्यात ते काय करतील ते चार गोष्टींत सांगितलं आणि म्हणाले, "तुम्ही होय म्हटलंत की गाव होय म्हणेल. गोरक्षनाथांना मी अजून काही बोललो नाही. आधी तुमचं ठरू द्या."

मी म्हटलं, इथे माझं काही ठरत नाही. मडकं आहे.

त्यांना ते समजलं नाही. मी समजावून सांगितलं. ते खूप हसले आणि मग म्हणाले, "हे मात्र तुम्हाला बंद करावं लागेल बरं का."

त्या चार गोष्टी सभेपुढे ठेवायच्या आहेत, म्हणून आज लिहीत नाही. सभा सत्तावीस तारखेला. तुला एवढंच विचारतो, उत्तर द्यायचं तर दे. तुझ्या शाळेत मुलांच्या घरची माणसं कधी येतात का?

मच्छिंद्र


चिंचखडी, २७ मे १९७३

चि. गोरक्ष,

सभा आत्ताच उठली. हात धुऊन लिहायला बसलो आहे.

तुझं उत्तर बुधवारी मिळालं. 'येतात. स्नेहसंमेलनाला येतात, आणि मुलगा नापास झाला की येतात. बाकी येत नाहीत. दादा, मला त्या वर्गात पाठीमागे कुणी नसतं याची आता सवय झाली आहे.' हे शेवटचं वाक्य मी सभेत वाचलं नाही. ते आपल्या दोघांतलं.

विष्णुपंतांच्या चार गोष्टी. तीन आता लिहितो. एक, परवानगीची काळजी संस्था घेईल, दहावी लगेच सुरू. दोन, शाळेला नवीन छप्पर, शिक्षकांना वेळेवर पगार. तीन, पाळी बंद, मडकं बंद, शाळा संस्थेच्या वेळापत्रकाने. पालकांनी संमेलनाला यावं. चौथी हात धजला तर शेवटी लिहितो. मी चारही गोष्टी सभेत काही न वगळता, माझं मत न घालता सांगितल्या.

मग छगन उठला. त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. म्हणाला, "पाळी जाईल ते मला न्हाई आवडत. बांधावरची शाळा कोन्त्या संस्थेनं भरवली आसती? पर चौथ्या गोष्टीसाठी आपुन द्यावी म्हनतो. मच्छूदादानं दोन वर्सं ह्या शाळंसाठी हाडं झिजवली. आपुन त्येला कदी काय दिलं?"

छबूबाई, जी कधी सभेत बोलत नाही, डोईवरचा पदर पुढे ओढून म्हणाली, "द्या देऊन. त्येंच्या घरचं मानूस..." आणि पुढचं गिळून बसली.

मी तिवईकडे बघत बसलो. तिचा एक पाय ओलाव्याने फुगला आहे, तासायला हवा.

दाणे वाटले. एकेक घर उठून मडक्यापाशी गेलं. आपल्या घराचा दाणा टाकायला मी गेलो. वहिनीला सकाळीच विचारलं होतं, काय टाकू? ती म्हणाली, "मला इचारू नका. मी ज्वारी सांगीन. तुमचं तुमी बघा." आणि भाकरी थापत राहिली.

दमयंतीबाईंनी मडकं तुझ्या त्या टेबलावर उपडं केलं. तीस ज्वारी. एक हरभरा.

इमारतीचा विषय. संपला.

लोक हळहळले. दोघातिघांनी साळूबाईकडे पाहिलं. छगन तर बोललाच, "म्हातारे, आज तरी..." ती म्हणाली, "या खेपंला बी माझंच नाव का? बरं. ऱ्हाऊ द्या माझ्या नावावर."

सगळे उठले. एक घर सोडून सगळ्यांनी ज्वारी टाकलेली, त्यामुळे त्या सगळ्यांकडे हरभरा उरलेला. तोंडं हलवत, काहीबाही बोलत, एकेक दारातून बाहेर पडत होतं. मी दाराशी उभा होतो. माझ्या खिशात ज्वारीचा दाणा होता आणि तोंड रिकामं होतं. साळूबाई शेवटी आली. माझ्यापुढे थांबली. मूठ उघडली, तिच्या तळहातावर हरभरा होता.

"मला दात न्हाईत," ती हळू म्हणाली. "नातू बी नदीवर गेलाय. घे, चाव. लोक बघत्यात."

मी घेतला आणि चावला. गोरक्ष, बरीच वर्षं झाली मला असं कुणी काही भरवल्याला.

मडक्यातून निघाला तो हरभरा माझा होता. हे तुझ्याशिवाय आणि तिच्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि वहिनीला मी अजून सांगितलेलं नाही. ती पाठमोरी बसली आहे त्यावरून तिला कळलं असावं.

का टाकला ते नीट सांगतो, म्हणजे तुझ्या मनात भलतं येऊ नये. तू नको म्हणून नाही. पहिलं कारण छगनने सांगितलंच. मला ते चौदा पोरं उरलेले दिवस आठवतात. त्या वेळी वेळापत्रकाने चाललो असतो तर आज विष्णुपंतांना द्यायला शाळाच नसती. दुसरं कारण माझं स्वतःचं आहे. संस्थेने पाठवलेला माणूस संस्था परत नेते. आज इथे, दोन वर्षांनी राहात्याला, मग आणखी कुठे. एकदा ट्रंक एस.टी.वर चढवली, पुन्हा चढवायची ताकद माझ्यात नाही. आणि लोक शाळा देत होते ती मला खूश करायला. हे त्यांचं प्रेम आहे, मला कळतं. पण साठ पोरांची शाळा माझ्या घरात दिवा लावायला द्यायची नसते.

जूनमध्ये शाळा राहील की जाईल, मला माहीत नाही. अधिकारी पंधरा जूनला तपासायला येणार. शाळा अकराला उघडते, सोमवारी. सभेने उठता उठता आणखी एक ठराव केला, त्याला मडकं लागलं नाही, सगळे एकदम बोलले. गावाला मुख्याध्यापकाला देता येतात महिना दीडशे रुपये, तेही कधी मागेपुढे होतील, आणि वर्षाला दोन पोती बाजरी, पाऊस झाला तर. मागच्या बाकावर पाळीचं माणूस बसेल. मिश्री बाहेर. साळूबाई म्हणाली, "त्येला लिही, म्हातारी मधी बोलनार न्हाई." मग जराशाने म्हणाली, "फार न्हाई बोलनार, आसं लिही."

अकरा तारखेची पाळी आपल्या घराची आहे. किल्ली दहाला संध्याकाळी आपल्याकडे येईल. कुलूप मी काढीन, झाडून घेईन, रांजण वहिनी भरील. टेबलाचा खण थोडा घट्ट होता, मेण लावून सैल केला आहे. डाव्या हाताने एका बोटाने उघडतो. मी माझ्या डाव्या हाताने करून पाहिलं.

आता चौथी गोष्ट. संस्थेने देऊ केलं आणि मी नको म्हटलं ते असं: श्री. गोरक्षनाथ, बी. ए., बी. एड., बेलापूरहून बदलीने चिंचखडी येथे मुख्याध्यापक; राहणं आपल्या घरी, जेवण वहिनीच्या हातचं; पगार दरमहा रुपये तीनशे चाळीस.